दोनदा म्हटलं तर

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

नऊ वर्षं तुला पत्र लिहिलं नाही, त्याची माफी मागते. पहिली दोन वर्षं मी तुझ्या पत्राची वाट पाहत होते. नंतरची सात, आपण वाट पाहत नाही आहोत असं स्वतःला बजावत होते. कारण म्हणून यातलं काहीच चालण्यासारखं नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून पत्ता आईकडून घेतला. ती म्हणाली, "पत्ता देते, पण त्याला निबंध पाठवू नकोस. लहानपणापासून तो निबंध वाचत नाही." तरी हा निबंधच होणार. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे.

काल दुपारी जे कळलं ते आधी सांगते. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

मास्तर या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतायत. एक तारखेपासून मुख्य इंजिनिअरचं काम माझ्याकडे येतं, म्हणजे शर्यत चालू असताना रेडिओवरून ड्रायव्हरांशी बोलणारी मी. काल त्यांनी स्वतःच्या सगळ्या वह्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. दर मोसमाची एक, एकूण बावीस. मी कशी आहे ते तुला ठाऊक आहे. "चाळून बघ" म्हटलं की मी पहिल्या पानापासून वाचायला लागते. तुझ्या शेवटच्या मोसमाची वही उघडली, तर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं:

पाणी पी — मागून येणाऱ्या आपल्या गाडीला वाट दे.
आरसे पूस — मागच्याला अडवून धर.
हवा कशी आहे — इंधन वाचव.

आणि खाली, अधोरेखित करून: एकदा म्हटलं तर खरंच. दोनदा म्हटलं तर हुकूम.

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी 'पाणी पी' या दोन शब्दांवर बोट ठेवून थांबले.

मास्तर समोरच चहा पीत होते. वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला आणि हसले. "अरेच्चा, हे आहे होय अजून!"

"हे काय आहे, मास्तर?"

"त्या वर्षी नियम नव्हता का, संघानं ड्रायव्हरला वाट सोड म्हणून सांगायचं नाही. सांगितलं की गुण कापणार. रेडिओ तर सगळे पंच ऐकतात. मग आम्ही बोलायचं कसं? काढली आपली एक बोली."

"कुणाकुणाला माहीत होती?"

"मला, मालकांना, राजेला आणि तुझ्या भावाला. पाचवा कान नाही. पुढच्या वर्षी तो नियमच गेला, मग ह्याची गरजही गेली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला?" ते मनापासून आश्चर्यानं म्हणाले. "अगं, तू नियमाचं पुस्तक घेऊन दारात उभी राहिली असतीस."

मी स्वच्छतागृहात जाऊन पंधरा मिनिटं नुसती उभी राहिले.

धाकट्या, त्या दिवशी तू हेल्मेटच्या आत होतास. बाहेर काय घडलं ते तुला माझ्या बाजूनं कुणीच सांगितलेलं नाही. आदल्या दिवशी मास्तरांचा घसा बसला होता. शेवटच्या दहा फेऱ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना, तेव्हा त्यांनी माइक माझ्याकडे सरकवला. "तू बोल," असं नुसत्या ओठांनी म्हणाले. मी तोवर आकडे बघणारी बाई, रेडिओवर कधी चकार शब्द काढला नव्हता. तू पहिला होतास. राजे, आपल्याच संघाच्या दुसऱ्या गाडीत, दोन सेकंद मागे. तुझ्या आयुष्यातला पहिला विजय आता चार फेऱ्यांवर होता. पण उन्हानं रस्त्यावरून वाफा निघत होत्या, तुझे शब्द जड यायला लागले होते, आणि ब्रेक दर वळणाला जरा उशिरा लागत होता. मी घाबरले. इंजिनिअर म्हणून किती आणि बहीण म्हणून किती, ते आजही वेगळं करता येत नाही. मी म्हणाले, "पाणी पी."

तू बोलला नाहीस.

"अरे, पाणी पी म्हटलं ना!"

मग थांबून तू विचारलंस, "नक्की?"

"नक्की काय नक्की? पी आत्ता."

"बरं, ताई."

कामाच्या जागी तू मला कधी ताई म्हणायचा नाहीस. त्या क्षणी ते मला गोड वाटलं होतं. पुढच्याच वळणावर तुझी गाडी बाहेरच्या बाजूला गेली आणि राजे आतून निघून गेला.

मी कुठलीही गोष्ट एकदा सांगून थांबले आहे का रे कधी? जेव म्हटलं तरी दोनदा, झोप म्हटलं तरी दोनदा. त्या चौघांनी खऱ्या पाण्यासाठी जागा ठेवली होती. माझ्यासारख्या बाईसाठी ठेवली नव्हती.

तू गाडीतून उतरलास तेव्हा मी बाटली घेऊन धावत आले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "पाणी प्यायला सांगितलं तर शर्यतच सोडून दिलीस?" तू माझ्याकडे बघितलंस आणि हसलास. त्या हसण्याचा मला इतका राग आला होता! मग पंचांनी तुला विचारलं, संघानं सांगितलं होतं का? तू म्हणालास, "नाही. माझंच चुकलं." मी ते खरं धरलं. मोसमाच्या अखेरीला तुझा स्वभाव-अहवाल लिहिला तोही त्याच समजुतीत.

मला माहीत नव्हतं, धाकट्या. शपथेवर सांगते.

आता दुसरी गोष्ट. तू शर्यतीचं ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या ज्या शाळेत मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला आहेस, तिचं पत्र आमच्याकडे आलंय. ते माझ्याच टेबलावर येईल हे तुला माहीत नसावं. ते लिहितात: आपला नऊ वर्षांपूर्वीचा अहवाल आमच्याकडे आहे, त्यात या चालकाविषयी 'दबावाखाली कच खातो' असं नमूद आहे, हे मत आज कायम आहे का, नसल्यास कारणासह कळवावे. मुदत दहा एप्रिल.

आई सांगते, गेली सहा वर्षं तू ट्रक ड्रायव्हरांना ब्रेक लावायला शिकवतोयस. मोठ्या शर्यतीच्या गाडीजवळ जायची तुझी ही पहिलीच संधी आहे, हेही तिनंच सांगितलं. माझं मत कायम नाही. ते कसं कळवायचं ते तुला विचारल्याशिवाय मी लिहिणार नाही. रागाव, शिव्या दे, पण उत्तर पाठव.

तुझी,
ताई


१९ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे, हे कळतं. तरी लिहिते, कारण धक्के संपत नाहीयेत आणि दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखे नाहीत.

गेले तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी तळमजल्यावरच्या ध्वनिफितींच्या खोलीत बसते. त्या मोसमातल्या सगळ्या शर्यतींचा रेडिओ ऐकून काढला. आपण राजे का म्हणायचो त्याला, आठवतं? गाडीत बसायला येतानासुद्धा असा यायचा की कुणीतरी पायघड्या घातल्यात. आणि तुला सगळे गुमान म्हणायचे, कारण तू गुमान ऐकायचास. दोन्ही टोपणनावं मास्तरांनीच ठेवलेली.

तर ऐक. पाचवी शर्यत, मास्तर राजेला सांगतात, "पाणी पी. पाणी पी." राजे म्हणतो, "तहान नाही." आठवी शर्यत: "पाणी पी, पाणी पी." "आत्ताच प्यालो." अकरावी: "पाणी पी रे बाबा, पाणी पी." आणि राजे म्हणतो, "मास्तर, तुम्हीच प्या. तुमचाच घसा सुकलाय." तेव्हा आम्ही बाहेर बसून यावर खदाखदा हसायचो. काय हजरजबाबी माणूस आहे, म्हणायचो. तिन्ही वेळा मागून येणारा तू होतास, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. तिन्ही वेळा तू त्याच्याहून वेगात होतास.

त्याच मोसमात मास्तरांनी तुलाही तीनदा हेच सांगितलं. तिन्ही वेळा तू एका वळणाच्या आत वाट दिलीस. कुरकुर नाही, प्रश्न नाही. आणि मी त्या तीन जागा अहवालात कशा नोंदवल्या होत्या, माहितीये? 'मोसमात तीनदा अकारण वेग कमी. लक्ष विचलित होण्याची प्रवृत्ती.' माझी सही आहे खाली. चौथ्या वेळेनंतर मला वाटलं, आता सवयच सिद्ध झाली. हुकूम पाळल्याची चार उदाहरणं गोळा करून मी तुझा स्वभाव सिद्ध केला!

काल राजेला फोन केला. आता त्याचं पोट सुटलंय आणि तो टीव्हीवर शर्यतींवर बोलतो. मी सरळच विचारलं, "तुला पाणी पी म्हटलं की तू का ऐकायचा नाहीस?"

तो म्हणाला, "सापडली का वही?"

"सापडली."

"हे बघ बाई, मी ऐकलं असतं तर मी कोण झालो असतो? तुझा भाऊ. मला काढून टाकतील अशी भीती मला नव्हती, आणि ते त्यांना माहीत होतं. त्याला ती भीती नव्हती असं नाही, पण त्याच्या ऐकण्याचं ते कारण नव्हतं. त्याला खरंच वाटायचं की संघ म्हणजे घर आहे." मग म्हणाला, "माझ्याहून वेगवान होता. हे मी टीव्हीवर नाही बोलणार. तुला सांगतोय."

विजेतेपद त्याला तीन गुणांनी मिळालं होतं. त्या एका वळणावर त्याला सात जास्तीचे मिळाले.

आज सकाळी मास्तरांना गाठलं. जे विचारायचं धाडस तेरा तारखेला झालं नव्हतं ते विचारलं. "त्या दिवशी हेडफोन तुमच्याही कानाला होता. मी दोनदा म्हणाले ते तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"घसा बसला होता म्हणून गप्प राहिलात?"

"घसा बसला होता," ते म्हणाले, "कान नव्हते बसले." टेबलावरच्या पेन्सिली सारख्या करत राहिले. मग मान वर न करता बोलले, "तू दुसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा मी दचकलो. हात पुढे केला होता मी माइककडे. बटण दाबून दोनदा टिचकी मारली असती तरी त्याला कळलं असतं. मग पाटीवर बघितलं, राजे दोन सेकंदांवर. विजेतेपदाचा हिशेब डोक्यात तयारच होता. हात मागे घेतला." आणि मग, "पाप म्हण हवं तर. तुझ्या तोंडून परस्पर काम झालं, असं वाटलं तेव्हा."

बावीस वर्षं मी या माणसाला मास्तर म्हणतेय. त्यांना पाणी हवं का विचारावं असं मला सवयीनं वाटलं आणि तो शब्द तोंडातच अडकला. उठून निघून आले.

आईला सगळं सांगितलं. ती टीव्हीचा आवाज बंद करून शर्यती बघते हे तुला ठाऊकच आहे. त्या दिवशीही तशीच बघत होती. म्हणाली, "मला तेव्हाच दिसलं होतं, त्यानं हातानं ये म्हटल्यासारखी वाट दिली. दारात पाहुण्याला देतात तशी." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "तू इंजिनिअर. मी काय बोलणार?"

तू लिही. एक ओळ लिही.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र आलं. कार्यालयात सगळ्यांसमोर उघडलं, ही चूक झाली. इथे पुन्हा उतरवून काढते, कारण लिहून काढल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट नीट कळत नाही:

'ताई, दोन्ही पत्रं वाचली. पूर्ण वाचली, आईला सांग. पाण्याचं म्हणशील तर तू बाटली घेऊन धावत आलीस तेव्हाच मला कळलं होतं की तुला ती बोली माहीत नाही. म्हणून हसू आलं. तुला तिथेच सांगितलं असतं तर तू तडक पंचांकडे गेली असतीस, गुण कापले गेले असते, आणि संघातली साठ माणसं घरी बसली असती. म्हणून गप्प बसलो. त्या दिवसाचा राग तुझ्यावर कधीच नव्हता. पाणी पी हे तू चुकून म्हणालीस. कच खातो हे चुकून लिहिलं नाहीस. शाळेला काय पाठवायचं ते तूच ठरव. गुमान.'

घरच्या नावानं सही केली नाहीस.

मी गेले वीस दिवस तुझी कशाबद्दल माफी मागत होते? जे तू दहा मिनिटांत माफ केलं होतंस त्याबद्दल. पानंच्या पानं भरली मी, उन्हाबद्दल, घशाबद्दल, स्वतःच्या दोनदा बोलण्याच्या खोडीबद्दल. अहवाल तसा का लिहिला याबद्दल किती लिहिलं ते आत्ता माझ्या कच्च्या प्रतीत तपासलं. एक वाक्य: 'लिहिला तोही त्याच समजुतीत.'

ते वाक्य खोटं आहे.

मालकांनी मला बोलावलं होतं. तुझा करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे अहवालावर ठरणार होतं. ते म्हणाले, "याचा अहवाल दुसऱ्या कुणाला लिहायला सांगू का? बहीण म्हणून हात जड होईल तुमचा." मला ते झोंबलं. मी म्हणाले, "माझा हात कुणासाठी जड होत नाही." आणि खोलीत जाऊन वीस मिनिटांत तो लिहून काढला. मला ते वाक्य आवडलंही होतं, धाकट्या. छोटं, स्पष्ट, निःपक्षपाती. 'दबावाखाली कच खातो.' सख्ख्या भावाबद्दल असं लिहिणारी बाई किती सचोटीची असेल, हे वाचणाऱ्याला कळावं असंही वाटलं होतं. वाचणाऱ्याला कळलंच. तीन आठवड्यांनी मी दुय्यम इंजिनिअर झाले.

पण एवढ्यानंही पूर्ण खरं होत नाही.

आलेख माझ्यासमोर होता. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय कसा दाबला, कसा उचलला, त्याची रेघ. तेच तर माझं काम होतं. घाबरलेल्या माणसाचा पाय कसा उचलला जातो ते मी शेकडो वेळा पाहिलंय. रेघ थरथरते, करवतीच्या दात्यांसारखी खाली येते, मध्येच पुन्हा वर उसळते. तुझी रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी खाली आली होती, दोन सेकंद तिथेच राहिली, आणि तशीच सरळ वर गेली. ज्याला नेमकं काय करायचंय ते माहीत आहे, अशा माणसाचा पाय होता तो. आधीच्या तीन वेळच्या रेघाही तशाच होत्या. चारही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले असते तर एकच रेघ दिसली असती.

मी धरले नाहीत. मला वाटत होतं की मी तेव्हा हे पाहिलंच नाही, आणि गेली नऊ वर्षं माझा त्यावर विश्वास होता. पण मी रोजनिशी लिहिते, आणि ती कुणाला दाखवायला लिहिलेली नसते. काल संध्याकाळी कपाटातून ती काढली. अहवालाच्या आदल्या दिवशीचं पान: 'उतार फार सरळ. हा घाबरलेला पाय नव्हे. त्याला विचारावं?' आणि त्यापुढे: 'विचारलं तर म्हणतील, बहीण पळवाट शोधते आहे. नको.'

माझ्याच अक्षरात आहे. मी ते वाचलं आणि मला अक्षरशः कळेना, ही बाई कोण. 'नको' या शब्दाखाली तेव्हा मी रेघसुद्धा ओढली आहे, ठाम निर्णय घेतल्याच्या समाधानात.

तुला एक प्रश्न विचारला असता तर तू काय सांगितलं असतंस, मला माहीत नाही. कदाचित गप्पच राहिला असतास, साठ माणसांसाठी. पण मी विचारलं असतं.

मी तुला गेल्या पत्रात, राजे ऐकत नव्हता म्हणून जिंकला आणि तू ऐकत होतास म्हणून हरलास, असं काहीसं शहाणपण लिहायचं ठरवलं होतं. ड्रायव्हरांचे स्वभाव, निष्ठा वगैरे. वर्षानुवर्षं मी तेच काम करतेय ना, माणसांचे स्वभाव रकान्यांत भरायचे. आता वाटतं, त्या संघात तूच एकटा होतास ज्याची निष्ठा कुणाच्या तरी कामी आली. राजेची निष्ठा राजेशी. मास्तरांची गुणांशी. माझी कशाशी होती? माझ्या स्वतःच्या हात जड न होण्याशी.

आज एवढंच. मला लिहिता येत नाहीये.

ताई


५ एप्रिल

धाकट्या,

आज मालकांना शाळेच्या उत्तराचा मसुदा दाखवला. त्यांचा स्वभाव तुला आठवत असेल, आवाज कधी चढवत नाहीत.

पहिली दोन वाक्यं वाचूनच म्हणाले, "एवढं कशाला? लिहा की, वयानुसार माणूस परिपक्व होतो, आता मत बदललं आहे. चांगली शिफारस करा. मेहनती, शांत, शिस्तीचा. मी खाली सही करतो. त्याची नोकरी झाली, आपलं झालं."

मला ते एक क्षण पटलं. तुझ्यापासून काय लपवू? तुला जागा मिळाली असती, मला खुर्ची राहिली असती, मास्तरांचं निवृत्तीचं जेवण नीट झालं असतं. मग मी ते वाक्य मनात पुन्हा वाचलं. परिपक्व होतो. म्हणजे तेव्हा तू कच्चा होतास. नऊ वर्षांनी तेच पुन्हा, जरा गोड करून.

मी म्हणाले, "तो तेव्हाही कच खात नव्हता."

"मग काय लिहिणार? बोलीबद्दल?"

"नाही. ते सांगायचं की नाही हे त्याचं. त्यानं ते झाकलंय, मी उघडणार नाही. मी फक्त माझं लिहितेय."

आणि तसंच लिहिलंय. तुला न विचारता तुझ्या वतीनं काही ठरवायचं नाही, यावर मी दोन दिवस घालवले. कुठे थांबायचं ते मला तरी एवढंच सापडलं. मसुदा असा आहे:

'हा अहवाल मी लिहिला. लिहिताना या चालकाच्या पायाचा आलेख माझ्यासमोर होता. तो घाबरलेल्या माणसाचा नाही, हे मला दिसत होतं, आणि तशी नोंद मी माझ्या रोजनिशीत केली होती. तरीही, मी बहीण असल्यामुळे मला पक्षपाती म्हटलं जाईल या भीतीनं, मी त्याला विचारलं नाही आणि माझ्या नजरेला दिसलेल्याच्या उलट लिहिलं. कच मी खाल्ली. मूळ आलेख आणि रोजनिशीचं पान सोबत जोडलं आहे.'

मालकांनी कागद टेबलावर ठेवला आणि बोटानं शेवटच्या ओळीवर टकटक केलं. "आलेख जोडलात तर शाळेतला कुठलाही अनुभवी माणूस ओळखेल. इतका सरळ पाय हुकमाशिवाय उचलला जात नाही. मग प्रश्न येतील. मग राजेचं विजेतेपद, मग आपण सगळे."

"येतील."

"तुम्हाला खुर्चीवर बसून चार दिवस झालेत, बाई."

"पाच."

ते हसले. खरंच हसले, वाईट नाही. "मी उद्या दहाला येतो. तेव्हा टेबलावर मला दुसरा मसुदा दिसू दे. आलेखाशिवायचा. तुमच्या भावाचंही भलं त्यातच आहे, विचार करा."

मी विचार केला. घरी येऊन आईलाही वाचून दाखवला. ती दोनदा ऐकून म्हणाली, "शेवटून दुसरं वाक्य राहू दे. बाकी तुझा निबंधच आहे." मग थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून, "त्याला आवडेल की नाही ते नको बघूस. तो काही लगेच ताई म्हणून फोन करणार नाही."

ते मला माहीत आहे. हे पत्र तुझ्यासाठी शाळेच्या पत्राची नक्कल म्हणून ठेव. त्यावर तू उत्तर द्यावंस अशी माझी अट नाही. जागा तुला मिळेल की अशा भानगडी नकोत म्हणून ते दुसऱ्याला घेतील, तेही मी सांगू शकत नाही. भीती वाटते. तुझ्यासाठी वाटते, आणि माझ्या खुर्चीसाठीही वाटते. ती नाही असं लिहिलं तर पुन्हा तेच होईल.

ताई

उद्या: टपालघर नऊला उघडतं. शाळेचं पत्र, आलेख आणि रोजनिशीच्या पानासकट, नोंदणीनं पाठवणे.